खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे: सतत भुकेल्या मांजरीच्या पिल्लाला काय, किती आणि कसं खाऊ घालावं

मांजरीचं पिल्लू घरात आलं की आठवडाभरात तक्रार सुरू होते: "किती बी खाऊ घाला, याचं पोटच भरत नाही." सकाळी वाटीभर दूध, दुपारी दुधात कुस्करलेली भाकर, रात्री वरण-भात. तरी कोणी ताट घेऊन बसलं की हे पायात घुटमळत ओरडायला लागतं. मग घरातली मोठी माणसं त्याला हावरट ठरवतात. विदर्भातल्या खेड्यांत मांजर पाळलं जातं ते मुख्यतः तूर-हरभऱ्याच्या पोत्यांमागच्या उंदरांसाठी. त्यामुळे "पोटभर दिलं तर उंदीर धरणार नाही" ही समजूतही पक्की असते.

पिल्लाची भूक मात्र खरी असते. पोट भरलं तरी खाल्लेलं अंगी लागत नाही. एकतर वाटीत पडतं ते त्याच्या शरीराच्या कामाचं नसतं, नाहीतर पोटातले जंत त्यातला वाटा खातात. बहुतेक घरांत दोन्ही गोष्टी एकदमच चालू असतात. म्हणून दुधाची वाटी मोठी करून काही होत नाही. वाटीतलं अन्न बदलावं लागतं.

आधी वजन करा

पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम १०० ग्रॅमचं असतं. नीट वाढणारं पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ७० ते १०० ग्रॅम भरतं. दोन महिन्यांचं होईस्तोवर ते ८०० ग्रॅमच्या आसपास जातं. आपली देशी पिल्लं थोडी हलकी असली तरी चालतं, पण काटा दर आठवड्याला पुढे सरकलाच पाहिजे.

घरी काटा नसेल तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. स्टीलचा उभा डबा काट्यावर ठेवून शून्य करायचं, तळाशी जुनं फडकं टाकायचं आणि पिल्लू आत सोडायचं. पहिला क्षणभर ते डब्याच्या तळाशी दबून बसतं, मग पुढचे पाय काठावर टाकून डोकं वर काढतं. त्या पहिल्या क्षणातच आकडा वाचून घ्यायचा. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. वार ठरवून घेतला, बाजाराचा म्हणा, की विसरायला होत नाही.

वजनाबरोबर हातही फिरवा. बरगड्यांवरून बोटं फिरवताना त्या हलक्या जाणवल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसायला नकोत. पाठीचा कणा वर आलेला, मांड्या वाळलेल्या आणि पोट मात्र टम्म असेल, तर ते खाऊन भरलेलं पोट नसतं. ते जंतांचं पोट असतं.

जंत काढल्याशिवाय अन्नावर खर्च करू नका

गावातलं पिल्लू आणि जंत हे जवळजवळ ठरलेलंच आहे. गोल जंतांची लागण आईच्या दुधातूनच होते, म्हणून "घराबाहेर जात नाही, त्याला कुठून होतील" हा प्रश्नच येत नाही. पुढे उंदीर खाल्ल्यावर पुन्हा होतात. चपटे जंत पिसवांमधून येतात. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर तेच समजा. सतत भूक, फुगलेलं पोट, राठ केस, मधूनमधून पातळ शी, ही सगळी लक्षणं एकत्र दिसतात.

पिल्लांना जंताचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून देता येतं. दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. पायरँटेल हे यासाठी नेहमी वापरलं जाणारं पातळ औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते. म्हणून कॅलेंडरवरचा आकडा घेऊनच ढोराच्या दवाखान्यात जा. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो, तेव्हा "पिल्लू सहाशे ग्रॅमचं आहे" असं स्पष्ट सांगितलं की त्यांनाही मात्रा काढणं सोपं जातं. दवाखाना लांब असेल तर १९६२ या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. दुखणं अवघड असेल तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेचा दवाखाना गाठावा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मुलांना मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी घरात उरलेली असते. तिचा तुकडा पिल्लाला देऊ नका. शेळ्यांच्या औषधाचे दोन थेंबही नकोत. पिसवा-गोचिडांसाठी ढोरांवर मारतात ते सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखं औषध मांजरीच्या अंगावर पडलं तर तिला झटके येऊन ती दगावू शकते. तापासाठी पॅरासिटामॉल तर कधीच नाही. माणसाला साधी वाटणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

पिल्लाची शी मातीत पुरा आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांना हात धुवायला लावा. हे गोल जंत माणसाच्या मुलांनाही त्रास देतात.

दूध-भाकर का पुरत नाही

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकर-वरणावर कसाबसा निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या शरीरात पुरेसा बनत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो, धान्य-डाळींत तो नसतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलेल्या मांजरांचं हृदय फुगून कमजोर होतं, आणि टॉरिन मिळालं की ते सुधारतं. टॉरिनच्या कमतरतेनं डोळ्यांचा पडदाही खराब होतो. अ जीवनसत्त्वाचंही तसंच आहे. गाजर किंवा लाल भोपळ्यातून आपण ते बनवून घेतो, मांजरीला तेही जमत नाही.

त्यात वाढीचं वय. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला वजनाच्या मानानं मोठ्या मांजरापेक्षा तिपटीच्या आसपास ताकद लागते, आणि पोट तर एवढंसं. त्या एवढ्याशा पोटात भात-भाकर भरली तर कामाच्या अन्नाला जागाच उरत नाही. तासाभरात पिल्लू पुन्हा दारात उभं.

गाईचं दूध पिल्लाला आवडतं, हे खरं. पण मांजरीच्या दुधात प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त असतात. शिवाय पिल्लू मोठं होतं तसतशी दुधातली साखर पचवायची त्याची ताकद कमी होते. मग पोट बिघडतं, खाल्लेलं वाहून जातं आणि भूक आणखी वाढते. म्हणून दोन महिन्यांनंतर दुधाला मी तरी जागाच ठेवत नाही. जेवणानंतर चमचाभर दही किंवा ताक चाटलं तर बिघडत नाही, पण ते जेवण नव्हे. प्यायला पाणी.

चार आठवड्यांच्या आतलं, आईविना सापडलेलं पिल्लू ही वेगळी बाब आहे. त्याला पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच लागते आणि ती दिवसरात्र दर दोन-चार तासांनी द्यावी लागते. पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुफ्फुसात जातं. पोटावर पालथं ठेवून, डोकं किंचित वर करून पाजा. अंग गार पडलं असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं मागची बाजू हलकेच पुसा. आई चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते, इथे ते काम कापसाचं.

घरचं जेवण: कृती

पाव किलो चिकन घ्या. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीचं गडद मांस चांगलं, त्यात टॉरिन जास्त असतं. दुकानदाराला सांगून सोबत दिल आणि पोटा घ्या. हे स्वस्त पडतं आणि कोंबडीचं दिल तर पिल्लासाठी फार मोलाचं.

मांस जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. मीठ, हळद, तिखट, तेल काही नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्या घरचा रस्सा किंवा सावजीची तर्री धुऊन काढलेला पीस "धुतलाय ना" म्हणून देतात, तोही नको. मसाल्यातला कांदा-लसूण धुतल्यानं जात नाही.

शिजलं की हाड न् हाड काढा. शिजलेलं हाड चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततं. मांस बोटांनी अगदी बारीक तोडा. मांस उकळलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरलेलं असतं. ते मांसातच कालवा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट, चुना. म्हणजे पानाला लावायचा नव्हे, हाडांना लागणारं कॅल्शियम. नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढलेलं पिल्लू धष्टपुष्ट दिसतं आणि एक दिवस ओट्यावरून उडी मारताना त्याचं हाड मोडतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, म्हणून शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. उपाय घरातच आहे. अंड्यांची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात पिठासारखी बारीक करा. चिमटीत धरल्यावर कचकच लागली तर पुन्हा कुटा आणि फडक्यातून चाळून घ्या. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला ही पूड चहाचा पाऊण चमचा सपाट, पाव किलोला त्याच्या निम्मी.

कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, अंगठ्याच्या पेराएवढी. रोज भरपूर कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडं बिघडतात. अंडं नेहमी शिजवूनच द्या. चमचाभर मऊ भात चालतो, त्याहून जास्त नको.

भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे मालगुजारी तलावांची मासळी सहज मिळते. ती शिजवून, काटे काढून आठवड्यातून दोनदा द्या. रोज फक्त मासळी नको आणि कच्ची तर नकोच, कच्च्या मासळीनं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. बाजारातले सुके झिंगे, सुकट खारट असतात. वास लावायला एखादा चुरडला तर ठीक, पोट भरायला नाही.

कच्चं मांस देणारेही भेटतात. "वाघ कच्चंच खातो ना" म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि संशय खायला दिलेल्या कोंबडीवर गेला. मांजरालाही हा विषाणू होतो. शिजवा.

किती आणि किती वेळा

दोन महिन्यांच्या, आठशे ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात शिजलेलं चिकन ६० ग्रॅमच्या आसपास, अर्धं उकडलेलं अंडं आणि चमचाभर भात पुरतो. तीन महिन्यांचं सव्वा किलोचं झालं की ८० ग्रॅम चिकन आणि एक अंडं. चार-पाच महिन्यांत १०० ग्रॅम आणि एक अंडं. हे आकडे सुरुवातीचे समजा, खरा निकाल काट्याचा. वजन अडलं तर वाढवा.

हे सगळं एका वेळी देऊ नका. दोन महिन्यांपर्यंत पाच-सहा वेळा, चार महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. निंदणाच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे सकाळीच वावरात जातात, तेव्हा दुपारचं जेवण हुकतं. अशा वेळी कोरडं खाद्य वाटीत ठेवून जाता येतं, ओलं नाही. घरी आजी असेल तर दुपारची वाटी तिच्याकडे द्या. फक्त तिला दुधाचा मोह होऊ देऊ नका.

उकिरड्यावरून किंवा रस्त्यावरून उचललेलं, हाडाचा सापळा झालेलं पिल्लू असेल तर पहिले दोन-तीन दिवस आणखी जपा. ते वाटीवर तुटून पडतं आणि आपल्यालाही वाटतं, खाऊ दे बिचारं. पण उपाशी पोटावर एकदम भरपूर पडलं की उलटी-जुलाब सुरू होतात आणि तेवढ्या अशक्त जिवाला ते झेपत नाहीत. दर दोन तासांनी दोन-दोन चमचे कोमट द्या. चौथ्या दिवसापासून मात्रा वाढवा.

दोन-तीन पिल्लं असतील तर प्रत्येकाची वाटी वेगळी, हातभर अंतरावर. एकाच परातीत टाकलं की दांडगं पिल्लू सगळं खातं आणि लहानगं कोपऱ्यातून बघत राहतं.

पाकिटातलं खाद्य

घरचं जेवण कितीही जीव लावून केलं तरी पिल्लाला लागणारं प्रत्येक जीवनसत्त्व त्यात नेमकं बसत नाही. म्हणून माझं मत, परवडत असेल तर निम्मं पोट पाकिटातल्या खाद्यावर आणि निम्मं घरच्यावर ठेवा. पाकिटावर "किटन" लिहिलेलं पाहिजे. कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही, त्यात प्रथिनं कमी आणि टॉरिनची खात्री नाही. फक्त कोरडं खाद्य असेल तर आठशे ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ४०-४५ ग्रॅम लागतं, निम्म्यासाठी त्याच्या अर्धं. लहान दातांना कडक लागत असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. उघड्या गोणीतून सुटं मिळतं ते घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हात त्यातलं तेल लवकर खवट होतं. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नवीन खाद्य आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या.

माळकरी घरात मांस येत नाही, अंडंही नाही. त्या घराचा नेम मोडायची गरज नाही, पण पिल्लूही शाकाहारी होऊ शकत नाही. अशा घरासाठी पाकिटातलं खाद्य हाच मार्ग. डबा कोठ्यात किंवा ओसरीवर ठेवा, वाटी वेगळी ठेवा आणि पूर्ण आहारच त्याच्यावर द्या. नुसत्या दूध-भातावर मांजर ठेवण्यापेक्षा ते मांसाहारी घरात दिलेलं बरं.

श्रावणाची सोय आधीच करून ठेवा. पुष्कळ घरांत महिनाभर चिकन शिजत नाही आणि नेमकं पावसाळ्यातल्या पिल्लांचं वाढीचं वय तेच असतं. आषाढ संपायच्या आत महिन्याचं पाकीट आणून ठेवलं की पिल्लाची आबाळ होत नाही.

उन्हाळा, पाणी आणि विष

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा ओलं अन्न अर्ध्या तासात आंबायला लागतं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचला. फ्रिजमध्ये चिकन दोनच दिवस ठेवा, लाइट सारखी जात असेल तर एकच. फ्रिज नसलेल्या घरी अंडी सोयीची, रोजची रोज उकडता येतात. मांजर मुळात पाणी कमी पितं, म्हणून उन्हाळ्यात अन्नात चमचाभर पाणी जास्त घाला आणि मातीच्या पसरट परळात गार पाणी सावलीत ठेवा, जेवणाच्या वाटीपासून थोडं दूर.

पोटभर खाल्लेलं मांजर उंदीर धरत नाही, हे खरं नाही. शिकारीची ओढ नुसत्या भुकेवर अवलंबून नसते. भरल्या पोटाचं, अंगानं भरलेलं मांजर उलट चपळ असतं. मात्र घरात किंवा वावरात झिंक फॉस्फाइडसारखं उंदराचं औषध टाकलं असेल तर ते दिवस पिल्लाला कोंडून ठेवा. मेलेला उंदीर खाऊन तेही मरू शकतं.

भूक केव्हा दुखण्याची समजायची

जंताचं औषध झालं, अन्न सुधारलं, तरी पंधरा दिवसांत वजन हललं नाही आणि भूक तशीच राहिली, तर शी तपासायला न्या. साध्या जंताच्या औषधानं न जाणारे सूक्ष्म जीवही पोटात असतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पिसवांनी किंवा जंतांनी रक्त शोषलंय, थांबू नका. आणि कायम ओरडून मागणारं पिल्लू एकाएकी वाटीकडे पाठ फिरवून बसलं, उलट्या करू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजरांमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्होसारखा जीवघेणा रोग असतो आणि तो पिल्लांना दोन दिवसांत संपवतो. त्याची लस आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांचं होईपर्यंत द्यायची असते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

एरवी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान भूक जोरात असणं साहजिक आहे. दुधाचे दात पडून नवे येतात, हाडं लांबतात. वजन चढतंय, शी बांधून होतेय, खाऊन झाल्यावर पिल्लू अंग चाटून झोपतंय, तर ओरडलं तरी काळजी नको. पुढच्या वेळेपर्यंत थांबवा, नाहीतर ओरडलं की मिळतं हे ते शिकतं.

पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करून घ्या. मादी एवढ्या वयातच गाभण राहू शकते, आणि अर्धवट वाढलेल्या अंगानं पिल्लं पाजायची म्हणजे तिचेच हाल. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते, पण शरीराची गरज कमी होते. तेव्हा टाके सुकले की रोजच्या अन्नातला पाव हिस्सा कमी करा आणि दोन महिने वजन करत राहा.